नझीर तांडेलांची जागा

बीप वाजला तशी महरीनने लॅपटॉपची पाठ रितेशकडे फिरवली.

रितेश मुंबईच्या एका मासळी निर्यात कंपनीचा माणूस. मिरकरवाडा बंदरावरच्या तिच्या छोट्या ऑफिसात बसून तो सकाळपासून एकच गोष्ट मागत होता: कुठली बोट कुठे जाळं टाकते, याची वर्षभराची माहिती. महरीनने बनवलेलं यंत्र ऐंशी बोटींवर बसलं होतं. पण अशी माहिती आपल्याकडे साठतच नाही, हे ती त्याला तिसऱ्यांदा सांगत होती. बोटीची जागा बोटीवरच राहते. संकटात तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने, लाल बटण दाबलं, तरच ती बाहेर दिसते.

आता ते दाबलं गेलं होतं. नझीर तांडेलांनी.

चाळीस वर्षं नझीरचाचांनी आपली मासळीची जागा कुणाला कळू दिली नव्हती. वायरलेसवर सांगितली असती, तर सगळ्या किनाऱ्याने ऐकली असती. म्हणून बटणाचा संदेश तिने दोनच ठिकाणी पोचेल असा ठेवला होता: तिच्याकडे आणि सगळ्यात जवळच्या बोटीवर. आज जवळ होती अक्रमची बोट. हाच अक्रम दोन मोसम त्या जागेसाठी नझीरचाचांच्या मागावर होता.

तिने वायरलेस उचलला.

“अक्रमभाई, बटण बघितलंत?”

“बघितलं. निघालोय.”

“जागा बोलू नका.”

“कळतं मला.”

दुपारी अक्रमची बोट नझीरचाचांच्या शिवा खलाशाला घेऊन जेट्टीला लागली. त्याचा हात जाळं ओढायच्या विंचमध्ये सापडला होता. त्याला ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना डॉक्टर म्हणाले, “आणखी तासभर गेला असता, तर कठीण होतं.” चाचांची जुनी बोट अजून वाटेतच होती.

महरीनने ‘माणूस किनाऱ्यावर’ अशी नोंद केली. पडद्यावरचा त्या जागेचा ठिपका पुसला गेला. अक्रमच्या यंत्रावरचाही.

“ती सकाळची जागा तरी दाखवा,” रितेश म्हणाला.

“आता नाहीये.”

“काढता येईल ना कुठून तरी? तुम्हीच तर बनवलंय.”

“म्हणूनच सांगतेय. मलाही काढता येत नाही.”

रितेश उठून जेट्टीकडे गेला. महरीनही उठली आणि दारात येऊन थांबली. अक्रमला ती जागा आता पाठ असणार, आणि तिथे तिच्या यंत्राचं काही चालणार नव्हतं.

अक्रम बोटीच्या फळीवरचं रक्त धूत होता.

“शेठ, उद्यापासून तुमची सगळी मासळी आमची कंपनी उचलेल,” रितेश म्हणाला. “फक्त एवढं सांगा, आज कुठे गेला होतात?”

अक्रमने मान वर केली नाही.

“दर्यात,” तो म्हणाला आणि बादली पाण्यात सोडली.