पायाचे दगड

आगीने अर्धं शहर गिळलं, तेव्हा कुठे उरलेल्या शहराला अक्कल सुचली. जुन्या गल्ल्या अशा की समोरच्या खिडकीतून हात लांबवून मीठ मागावं. आगही तशीच खिडकीतून खिडकीत गेली. आता रस्ते रुंद हवे होते. नियम निघाला: राखेखाली ज्याच्या घराचा पाया दिसेल, त्याची जागा त्याला. बाकीची रस्त्यात.

मोजणीवाला दोरी घेऊन गवंड्याच्या जागेवर आला.

"पाया कुठाय?"

पाया गवंड्याने स्वतःच उपटला होता. आग विझली तेव्हा त्याची विधवा बहीण पोरांना घेऊन उघड्यावर कुडकुडत होती. तिचं घर लाकडी, खाली नुसती माती. याचे दगड मात्र घडीव, खणखणीत, आणि चांगला दगड पडून राहिलेला गवंड्याला बघवतो थोडाच! त्याने ते गाड्यावर घातले आणि तिला घर बांधून दिलं. आपलं काय, बांधू नंतर. नियमाचा तेव्हा पत्ताच नव्हता.

"साहेब, जन्म गेला इथं माझा. शेजाऱ्यांना विचारा."

"शेजारी काय, एकमेकांच्या होला हो म्हणणारच. उद्या येतो. पाया दाखवा, नाहीतर रस्ता आखतो."

बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गावभर घरं बांधत फिरता, आणि स्वतःचं उकरून देता! जा, आणा काढून."

तो पहार घेऊन बहिणीकडे गेला. दारात उभं राहून त्याने सगळं सांगितलं. बहीण आत जाऊन भांडी बाहेर आणायला लागली.

"काढ, दादा. तुझेच आहेत ते."

त्याने पहार सांध्यात घातली. पण या दगडांवरच तर हिची जागा मोजणीत टिकली होती. ते काढले की हीसुद्धा रस्त्यात जाणार. त्याला स्वतःचा, मोजणीवाल्याचा, सगळ्या जगाचा संताप आला. त्याने पहार अंगणात भिरकावली आणि भांडी पुन्हा आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेवरून चुन्याची पांढरी रेघ गेली. बायकोने बोचकी बांधली. ती उचलून दोघं बहिणीकडे आली.

रात्री सगळे जेवायला बसले. भाकरी मोजक्याच होत्या. थोरल्या भाचीने सवयीने आधी धाकट्यांच्या पानात वाढायला घेतलं.

बहीण तिच्यावर डाफरली, "अगं, आधी मामाला वाढ. पाहुणे आहेत ना ते!"

गवंड्याने मान खाली घातली. आपल्याच दगडांवर बसून तो पाहुणा म्हणून वाढलेली भाकरी मोडू लागला.