लगूनमधून गेलेलं घर

तेपाएरूने घर विकत घेतल्याचं सांगितलं, तेव्हा तिच्या चुलत बहिणीने, आकाइतीने, माशाचे खवले काढता काढता एवढंच विचारलं, "आणि ठेवणार कुठे?"

प्रश्न चेष्टेचा नव्हता. आवारांगी बेटावर जमीन विकत मिळत नाही. जमीन कुळाची असते, मेलेल्यांची आणि अजून न जन्मलेल्यांचीही असते, आणि मध्ये जिवंत आहेत त्यांनी ती फक्त राखायची असते. घराचं तसं नाही. घर होडीसारखं किंवा डुकरासारखं विकता येतं, फक्त घेणाऱ्याने ते आपल्या जागेवर न्यायचं.

तेपाएरूला जागा होती. लगूनच्या, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ समुद्राच्या पलीकडे, माडांच्या छोट्या बेटावर, तिच्या वडिलांचा वाटा होता. तिथे एक जुना नीरफणस होता, आईवडिलांच्या चुन्याने रंगवलेल्या कबरी होत्या, आणि खेकडे होते. घर नव्हतं. तिचं अर्धं आयुष्य ऑकलंडला एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात वाफ खाण्यात गेलं होतं, आणि त्या सगळ्या काळात ती भाड्याच्या खोल्यांत राहिली होती. भिंतीला खिळा मारायचा तरी घरमालकाला फोन करावा लागे. आता ती परत आली होती आणि आकाइतीच्या ओट्यावर चटई टाकून झोपत होती.

तसं वाईट काहीच चाललं नव्हतं. पहाट झाली की लगून आधी राखाडी, मग दुधी, मग असं निळं व्हायचं की पाहणाऱ्याच्या हातातली कॉफी निवून जावी. आकाइतीचा नवरा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून जाळं फेकायचा आणि न्याहारीपर्यंत मासा लिंबाच्या रसात मुरत पडायचा. दुपारी बायका केवड्याची पानं सोलत बसायच्या आणि गावातल्या एकाही माणसाला सोडायच्या नाहीत. तेपाएरू हे सगळं मिटक्या मारत जगत होती. फक्त संध्याकाळी चटई उलगडताना तिला वाटायचं, की आपण अजून पाहुणेच आहोत.

म्हणून इओआनेबाबांचं घर विकायचं आहे हे कळलं, तेव्हा तिने रात्रभरही विचार केला नाही. म्हातारा मुलीकडे ऑकलंडला निघाला होता. दोन खोल्यांचं लाकडी घर, वर पत्रा, पुढे पडवी, भिंतींचा फिका हिरवा रंग उन्हाने विटलेला. अडचण एकच होती. बाबा गेले की जागा त्यांच्या भावाकडे जाणार होती, आणि भावाला घरात रस नव्हता. त्याला डुकरांच्या खोपटासाठी पत्रे हवे होते. लगून घर नेण्याइतकं ओसरतं ते अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणातच. पुढच्या उधाणाला बाबा बेटावर नसणार होते. म्हणजे या ओहोटीला घर निघालं तर निघालं, नाहीतर डुकरांचं.

सुतार तेरेआपीने येऊन घराच्या फळ्यांत चाकू खुपसून पाहिला. म्हणाला, लाकूड जुनं आहे आणि दगडासारखं झालंय, खिळे उपसले तर चिरफळ्या होतील. न्यायचं तर अख्खं न्यायचं.

तेपाएरूने मग तेच केलं जे ऑकलंडला कुणीही शहाण्या बाईने केलं असतं. आकाइतीची स्कूटर घेऊन ती घरोघर गेली आणि प्रत्येकाला सांगितलं, की घर न्यायला माणसं हवीत, दिवसाचा रोज मिळेल, आणि चांगला मिळेल. प्रत्येकाने तिला बसवलं. शहाळं फोडलं, गोड वडे पुढे केले, तिच्या वडिलांची आठवण काढली. प्रत्येकजण म्हणाला, बघू या. शनिवार उजाडला तरी एकही माणूस ठरला नव्हता. तेरेआपीसुद्धा तिला पाहून माडावर चढून बसला, आणि त्या माडाला तर नारळही नव्हते.

तिने आकाइतीपुढे कुरकुर केली. लोक बदलले, म्हणाली, कामाला नको म्हणतात.

आकाइतीने सूप खाली ठेवलं. "तू त्यांना नेमकं काय सांगितलंस?"

"रोज देईन म्हटलं. ऑकलंडच्या दराने."

"वा. म्हणजे आता आमचे खांदे पण विकत घेणार तू."

"फुकट राबवू का मग लोकांना?"

"तुझा बाप गेला तेव्हा त्याची पेटी लगूनमधून पलीकडे नेली ना, ती ह्याच खांद्यांवरून गेली. तू तेव्हा विमानात होतीस. कुणी दर विचारला नव्हता, तेपा."

एक कोंबडी ओट्यावर चढली, इकडेतिकडे पाहून उतरून गेली. शेवटी तेपाएरूने विचारलं, की मग मागायचं कसं.

"मागायचं नसतं. सांगायचं असतं," आकाइती म्हणाली. "आणि डुक्कर कापायचं असतं. डुक्कर माझ्याकडे आहे. तोंड तुझ्याकडे आहे. उद्या चर्चमध्ये उघड."

रविवारी प्रार्थना संपल्यावर पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. एकाचा बकरा हरवला होता. नाचाच्या तालमीची वेळ बदलली होती. मग तेपाएरू उभी राहिली.

"बुधवारी ओहोटीला," ती म्हणाली, "इओआनेबाबांचं घर माझ्या वडिलांच्या जागेवर जाणार आहे."

एवढं बोलून ती थांबली. पुढचं कुठलंच वाक्य तिला बरोबर वाटेना.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "एकटंच?"

"चालता येत असेल तर एकटंच," तेपाएरू म्हणाली.

सगळं चर्च हसलं. पाळकही हसले. ती खाली बसली, आणि ते हसणं होकाराचं होतं की नुसतंच हसणं, हे तिला बुधवारपर्यंत कळायचं नव्हतं.

मंगळवारभर ती आणि आकाइती नारळाचं दूध घालून अळूच्या पानांच्या पुरचुंड्या बांधत राहिल्या. तेपाएरू मध्येच म्हणाली, की कुणी आलंच नाही तर एवढं खाणार कोण. आकाइती म्हणाली, इओआनेबाबांचा भाऊ. पत्रे काढायला तो येईलच.

बुधवारी उजाडताना ती बाबांच्या अंगणात पोहोचली आणि तिथेच थबकली. रस्ता दिसत नव्हता, इतकी माणसं होती. तिने वडे खाल्ले होते त्या घरांतली सगळी, आणि तिने ज्यांची घरं पाहिलीही नव्हती तीही. खेळाच्या मैदानावरून गावाशी अबोला धरलेली उत्तरेच्या वस्तीची माणसंही होती. ती अबोला धरूनच आली होती, पण आली होती. पडवी आधीच सोडवून बाजूला ठेवली होती. घराखालून लांब वासे घातलेले, चारी बाजूंनी रिकामी पिंपं बांधलेली. आणि ज्याला पत्रे हवे होते तो भाऊ सगळ्यात पुढच्या वाशाला खांदा लावून उभा होता. तेपाएरूने त्याच्याकडे पाहिलं, तर त्याने भुवया उडवल्या, जणू कशाचं एवढं नवल.

रिकामं घर उचलत नाहीत. घराला वाटतं, आपल्याला टाकून देताहेत. म्हणून जुन्या आणि नव्या मालकाने आत बसायचं असतं.

"तेपाताई आत बसणार?" तेरेआपी म्हणाला. "मग अजून चार माणसं बोलवा रे."

"तुझ्या बायकोला बसवू का?" ती म्हणाली. "मग सबंध बेट लागेल."

ती आणि इओआनेबाबा जमिनीवरच टेकले. बाहेर लाकडी ढोलक्यावर टिपरी पडली. तेरेआपीने एका ओळीचं गाणं उचललं, शंभर गळ्यांनी ते उचललं, आणि त्याच श्वासात घर उचललं गेलं. खिडकीतला माड हळूच डावीकडे सरकला. मग चिंचेचं झाड सरकलं. मग चर्चचा पांढरा कोपरा आला आणि गेला. ती बसल्या जागी होती, आणि बेट तिच्या खिडक्यांतून चालत निघालं होतं.

पाण्याच्या काठाशी गाणं थांबलं. बाबांना इथे उतरायचं होतं. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला, जसा घोड्याच्या मानेवर ठेवतात.

"मागची खिडकी ओढून लावावी लागते," ते म्हणाले. "तिच्यावर चिडू नकोस. ती वाऱ्याने अशी झालीय."

दोघा तरुणांनी त्यांना दारातून अलगद खाली घेतलं. ते माडांकडे चालत गेले. मागे वळले नाहीत.

मग घर लगूनमध्ये शिरलं.

फळ्यांच्या फटींतून तेपाएरूला पाणी दिसू लागलं. आधी घोट्याएवढं, त्यात वाळूवर पडलेली उन्हाची जाळी आणि तिच्यातून जाणारे कितीतरी पाय. मग पोटऱ्या, मग मांड्या. तिच्या घराच्या जमिनीखालून निळ्या माशांचा एक थवा गेला, जणू त्यांचा हा रोजचाच रस्ता. गाण्याची ओळ पुन्हा पुन्हा फिरत होती. पुरुषांचे आवाज खालून, फळ्यांतून तिच्या हाडांत येत होते, आणि मागून पाण्यातून चालणाऱ्या बायकांचे आवाज वरून त्यावर उतरत होते.

लगूनच्या मध्यावर खोल पाट आहे. कितीही ओहोटी असली तरी तिथे गळ्यापर्यंत पाणी राहतं. घर त्यात उतरलं, पुढच्यांच्या हनुवट्या पाण्याला टेकल्या आणि पुरुषांचं गाणं तुटलं. घर एका अंगाला झुकलं. तेपाएरू भिंतीपर्यंत घसरली. आता जाणार, तिला वाटलं, आता सगळं जाणार.

मागच्या बायकांनी ओळ सोडली नाही. आकाइतीचा चिरका आवाज त्यात सगळ्यात वर होता. पिंपांनी घराचा भार घेतला. घर हललं, सरळ झालं, आणि मग त्याचं करकरणं एकदम थांबलं.

तेपाएरूने फटीतून पाहिलं. खाली पाय नव्हते. नुसतं हिरवं, उजेडाने भरलेलं पाणी होतं. माणसं वासे सोडून बाजूला झाली होती, दमलेली, हात फक्त टेकवलेले. घराला कुणीच उचललं नव्हतं. ते तरंगत होतं. चारी खिडक्यांत समुद्र आणि आभाळ होतं, आणि मध्ये ती, तिच्या स्वतःच्या भिंतींच्या आत. इतकं शांत, की पाट ओलांडेपर्यंत तिला श्वास घ्यायचीही भीती वाटली, जणू त्याच्या वजनानेही घर बुडेल.

पलीकडच्या काठावर घर पुन्हा खांद्यांवर चढलं. प्रवाळाच्या दगडांचे खांब तिला न कळता कुणीतरी कालच रचून ठेवले होते. खांबांवर पोहोचताच तेरेआपी दारासमोर आला. अंगावरून पाणी निथळत होतं.

"दार कुठे करायचं सांग," तो म्हणाला. "लवकर सांग, ताई. खांदे गेलेत."

हे तिचं ठरलेलं होतं. दार पश्चिमेला, उघड्या समुद्राकडे. तिथे संध्याकाळी कुणी नसतं. धुलाईखान्यात उभ्या उभ्या तिने ते दार कितीदा उघडलं होतं. तिने उंबऱ्यात उभं राहून पाहिलं. पश्चिमेला रिकामा, झळाळता समुद्र होता. समोर, जिकडून ते आले होते तिकडे, लगूनपलीकडे गावाचं अंगण, चर्च आणि आकाइतीचा ओटा. आणि दोन्हींच्या मध्ये, वाशांखाली वाकलेल्या ओल्या माना, तिच्या तोंडाकडे पाहणारे डोळे.

"आहे तसंच राहू दे," ती म्हणाली.

"गावाकडे? मग तू कॉफी कधी ठेवलीस ते सगळ्यांना दिसेल."

"दिसू दे. या मग."

घर खाली बसलं. लाकडाने एक लांब सुस्कारा टाकला आणि तो दगडांवर विरून गेला. लोकांनी हात झटकले. कुणी वाळूत आडवे झाले, कुणी विचारलं, तापल्या दगडांच्या खड्ड्यात भाजायला डुक्कर कुठे पुरलंय. उत्तरेच्या एका म्हाताऱ्याने अबोला मोडून मीठ मागितलं.

पायऱ्या मात्र कुणी आणल्याच नव्हत्या. त्या पलीकडच्या काठावर राहिल्या होत्या. तेपाएरूला उतरता येईना, आणि तिला उतरवायला कोण येतं यावरून खाली हसाहशी सुरू झाली. तिने त्यांना आधी जेवायला सांगितलं. मग ती उंबऱ्यावर बसली, पाय खाली सोडून. भरती येऊ लागली होती. ज्या वाळूवरून ते सगळे चालत आले होते, तिच्यावर पाणी चढत होतं, आणि बघता बघता तिथे निळ्याशिवाय काही उरलं नाही.