चित्राहुतींचं पीक

रेल्वेत गार्ड असलेल्या पंढरीनाथने मुंबईहून कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणलं आणि जयपूरच्या क्वार्टरात समुद्री मासे पाळले. हौस त्याची, पण काचेवरचं शेवाळ खरवडून बोटं सोलली ती बायकोची, यमुनेची. वर तोच ओरडायचा, "तू माशांना फार खायला घालतेस, म्हणून टाकी हिरवी होते!"

संतापून तिने माशांच्या खाण्याचा डबा कुलपात टाकला. तरी शेवाळ वाढतच राहिलं. रविवारी तिने पाहिलं: जेवून उठल्यावर नवऱ्याने ताटाशेजारच्या चित्राहुतींचा भात उचलला आणि 'मुक्या जिवांच्या मुखी' म्हणत टाकीत सोडला.

यमुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारी त्याच्या पानात चटणीच्या जागी तिने खरवडलेलं शेवाळ वाढलं.

"तुमच्याच भाताचं पीक आहे," ती कडाडली. "पानात टाकायचं नाही!"