वीस कड्यांची साखळी

सार्थक सरांनी आयुष्यात भंगार हातात धरलं नसेल, पण दोन प्लॅस्टिकं वितळवून मिसळली की एकजीव राहतात की फुटून वेगळी होतात, हे त्यांचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल सांगायचं. मी, धम्मदिना, त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. माझी आई वनिता भिवंडीत, कामतघरला, प्रितेशशेठच्या बादल्यांच्या कारखान्यात भंगाराची छाटणी करते. नखाने खरवडून, पेटवून, वास घेऊन प्लॅस्टिकची जात सांगते. अशा अकरा बायका आहेत.

सर टाय लावून शेठला मॉडेल दाखवायला भिवंडीत आले. पडद्यावर दोन प्लॅस्टिकांचे लाल-निळे ठिपके हलले आणि सगळं जांभळं झालं. "एकजीव! छाटणी हवीच कशाला?" सर म्हणाले. शेठला तेच ऐकायचं होतं. बायकांना शनिवारपर्यंतच यायला सांगितलं.

खऱ्या प्लॅस्टिकचा रेणू म्हणजे हजारो कड्यांची साखळी असते, आणि ती जितकी लांब तितकी दुसऱ्या जातीत मिसळायला नकार देते. सरांच्या मॉडेलमधली साखळी वीस कड्यांची. का, तर लांब साखळीला कॉम्प्युटर तीन महिने घेतो आणि सरांना परिषदेत मिरवायची घाई. काय ती विद्वत्ता!

शनिवारी सरांसमोर बिनछाटणीच्या मालाची पहिली बादली निघाली. आईने काठाला नख लावलं आणि कांद्यासारखा पापुद्रा सोलून शेठच्या हातात ठेवला.

"आता काय बोलतो तुमचा कॉम्प्युटर, सायेब?"

"तापमान चुकलं असेल," सर म्हणाले. निर्लज्जपणाची हद्द झाली. मी सगळ्यांदेखत साखळीची लांबी सांगून टाकली. शेठचा चेहरा पडला. त्याने बायकांना सोमवारी कामावर यायला सांगितलं. सर चष्मा पुसत बसले.

घरी येताना रिक्षात मी सरांना मनसोक्त शिव्या घातल्या. आईने सगळं ऐकून घेतलं.

"तो वीसचा आकडा कोनी टाकला?"

"मीच. सरांनी सांगितला म्हणून."

"चुकीचा हाय, तुला ठाव व्हतं?"

"हो."

"मंग आठ दिस आम्ही अकराजणी रडत व्हतो, तवा का न्हाय बोललीस? बादली सोलल्यावर तर शेठबी बोलला असता."

थिसिसवर सरांची सही बाकी होती, एवढंच उत्तर माझ्याकडे होतं. ते द्यायची मला लाज वाटली.