आडीतलं माहेर

आमच्या बाबांना आफ्रिका तोंडपाठ आहे. पावसाने माजलेलं गवत कधी कमी होतं, जनावरं पाणवठ्याशी कधी गोळा होतात, विल्डबीस्टचे कळप मारा नदी कधी ओलांडतात, विचारा आणि मग ऐकत बसा. आईबरोबर ऑगस्टात जायचं ठरलेलं होतं, पण दरवेळी 'पुढच्या वर्षी' व्हायचं. मग आईच गेली आणि चेन्नईत, गिंडीच्या फ्लॅटमध्ये बाबा एकटे उरले.

यंदा जूनमध्ये माझं लग्न झालं. कौशिकने आणि मी हनिमूनसाठी आफ्रिकेला जायला ऑगस्टचा पहिला आठवडा धरला, आणि मी बाबांना म्हटलं, तुम्हीही चला.

"लेकीच्या हनिमूनला बाप? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

बरं, एकटे जा म्हटलं, तर म्हणे, "सिंह दिसला तर कोणाला दाखवू?" मला असा राग आला! हट्टीपणात मी त्यांच्यावरच गेलेय, म्हणून जरा जास्तच.

त्यात आमच्या सासूबाई, चारुलता. तंजावरी मराठी, घराणं इतक्या पिढ्या इकडे की महिनेसुद्धा तमिळ मोजतात. ऑगस्ट ऐकताच त्यांनी कानांवर हात ठेवले.

"अय्यो, आडी महिना तो! आडींत नवं जोडपं एकत्र राहूं नये. सून माहेरी जाते."

माझी सटकलीच. "माहेरी कोणाकडे? आई नाही तिथे. बाबा दोन्ही वेळा दहीभात खातात आणि टीव्हीवर हरणं बघतात. रिकामं घर आहे ते!"

बोलले आणि मीच रडायला लागले. सासूबाईंनी पदराने माझं नाक पुसलं, शेंबड्या पोरीचं पुसावं तसं.

"तुझ्या अप्पांच्या मनांत कुठं जायचं आहे?"

"आफ्रिकेला."

"केव्हां?"

"ऑगस्टात. म्हणजे... आडीतच."

त्यांनी सरळ फोन लावला, स्पीकरवर. "व्याही, आडी येते आहे. आमची रीत आहे, बापानं लेकीला न्यायला यायचं. घरीं नका नेऊं. आफ्रिकेला न्या. आम्ही तेंच माहेर धरूं."

"आणि मी?" कौशिक म्हणाला.

"तूं पेशामल बैस," सासूबाईंनी त्याला गप्प केलं. "आडी सरली की येईल बायको."

पलीकडे बाबांनी टीव्ही बंद केला. चिडले असणार, मला वाटलं.

"ताई, रीतच आहे म्हणता, तर न्यायलाच हवी." आवाज नेहमीचा नव्हता. "ऋजुता, तिकडे पहाटे थंडी असते हं. स्वेटर आहे का तुझ्याकडे?"

चेन्नईत कोणाकडे असतो स्वेटर? मी नाही म्हटलं.

"मग आईचा आणतो. तिने तिथल्यासाठीच घेतला होता."