विहिरीचा दाखला

घोट घशाखाली उतरलाच नाही. श्रीपत राऊतने ते खारट पाणी खडीच्या ढिगावर थुंकलं आणि पिंपाकडे बघत राहिला.

"काय जालं सायेब?" मुकादम हिरामण धावत आला. "अवो, मडका रिकामा म्हनून पिंपातलं प्यालात? ते कामाचं पानी. पियाचं टँकरचं येते."

"कुठलं हे?"

"कुठलं म्हंजे? आपल्याच हिरीचं. तुमीच पास केलेली ना!"

माणिकपूरच्या पुढे, मिठागरांच्या अंगाला गृहनिर्माण मंडळाची चोवीस खोल्यांची इमारत उभी राहत होती. साल एकोणऐंशी, वैशाख चढता. श्रीपत मंडळाच्या गुणनियंत्रण शाखेत तपासनीस. सिमेंट चिमटीत चोळायचं, वाळू वर्तमानपत्रावर पसरून बघायची, काँक्रीटचे ठोकळे प्रयोगशाळेत पाठवायचे आणि शेवटी दाखल्यावर सही करायची, हे त्याचं काम. ठेकेदार त्याला मनातल्या मनात शिव्या घालत, कारण तो चहासुद्धा स्वतःचा पीत असे.

या कामाची वाळू खाडीची. "गोड्या पाण्याने तीनदा धुतल्याशिवाय वापरायची नाही," असा हुकूम त्यानेच दिला होता. ठेकेदाराने तो पाळला. मुकादमाने तर चारदा धुतली. मिक्सरमध्ये आणि स्लॅबवर मारायलाही याच विहिरीचं पाणी. डिसेंबरात श्रीपतने स्वतः बाटली भरली, चव घेतली, प्रयोगशाळेचा 'योग्य' असा शेरा आणला. मंडळाच्या नमुन्यात पाण्याची तपासणी एकदाच, काम सुरू होताना. त्यापुढे रकानाच नव्हता.

आणि तो तर जवळच्याच वटार गावचा, पानवेलींच्या वाडीत वाढलेला! या पट्टीत चैत्र लागला की विहिरी फिरतात, खालून समुद्र आत येतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याची आई रहाटाजवळ बसून गायची:

*मार्गेसरी हीर माझी माहेराची गोडी गं,*
*वैशाखात तीच हीर डोळ्यातलं पानी गं.*

फाल्गुन सरला की ती त्या विहिरीचं पाणी पानवेलींना दाखवतसुद्धा नसे. वेल करपते. वेलीला जे कळायचं, ते सरकारी कागद हातात आल्यावर तिच्या लेकाला कळलं नाही. वरचे दोन्ही स्लॅब चैत्र लागल्यानंतरचे.

तो तसाच कचेरीत गेला. कार्यकारी अभियंत्यांना सगळे मोठेसाहेब म्हणत. त्यांनी ऐकून घेतलं.

"ठोकळे पास आहेत ना?"

"आहेत साहेब. मिठाने काँक्रीट लगेच ढिलं पडत नाही. आतलं लोखंड गंजतं. दिसायला पाच-सात वर्षं जातात."

"बाटली कुणी भरली होती?"

"मीच."

"म्हणजे कागद म्हणतो पाणी गोड, आणि तुमची जीभ म्हणते खारट. जिभेला जावक नंबर असतो का हो, राऊत?"

"मी लेखी देतो साहेब. पुन्हा नमुना घेऊ."

"द्या की. दोन स्लॅब फोडायचे, तुम्ही निलंबित, चौकशी दोन वर्षं. त्याचं काही नाही. पण मिरगाआधी चोवीस कुटुंबांना किल्ल्या द्यायच्यात. त्या पत्र्याच्या शेडमधल्या माणसांना काय सांगायचं, ते मात्र तुम्ही जाऊन सांगा."

सांगायलाच गेला तो. पाचूबंदरला भरतीने घरं नेलेली ही कोळी माणसं तीन पावसाळे पत्र्याखाली काढत होती. त्यांच्यातली फ्लॉसी दाराशी बसून बोंबील निवडत होती. नवरा आत खोकत होता. थोरली लेक रोझमेरी देवाच्या तसबिरी जुन्या लुगड्यात बांधत होती.

"ये रे सिरपतभाव! तुजीच वाट बगतो. ती किल्ली लोकंडाची देतात का पितळंची?"

"का गं?"

"लोकंडाची आसल तर तेल लावून ठेवीन. आमच्या वाऱ्याला काय टिकते? ह्यो नवरापन गंजला."

आतून खोकला हसला. "ही तोंड बंद करील तर मी बरा होईन," नवरा म्हणाला.

श्रीपतला हसू आलं नाही. जिभेवर आलेलं वाक्य त्याने तसंच गिळलं. त्या पत्र्यांची धग डोक्यावर घेऊन तो कचेरीत परतला आणि दाखल्यावर सही केली. कधी नव्हे ती शाई फुटली.

माणसं राहायला गेली. पाद्रीबाबांनी जिन्यावर पाणी शिंपडलं. पुढच्या वर्षापासून श्रीपत दर उन्हाळ्यात मंडळाला लिहू लागला, वरच्या दोन मजल्यांची तपासणी आणि दुरुस्ती व्हावी. दर पावसाळ्यात उत्तर येई: 'आपल्याच दाखल्यानुसार सदर इमारत निर्दोष असल्याने कार्यवाहीची आवश्यकता दिसत नाही.' आपल्याच सहीचं कुलूप, आणि आत आपणच. दोनदा बढती आली. बदली होईल म्हणून त्याने ती नाकारली. बायको कपाळावर हात मारी.

पंच्याऐंशी साली रोझमेरी बाळंतपणाला आईकडे आली. फ्लॉसीने श्रीपतला निरोप धाडला. वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत ती पाळण्याची दोरी घेऊन उभी होती.

"भाव, तू इंजिनेरवाला. सांग, ह्या कडीला पाळना बांदू ना?"

त्याने वर पाहिलं. कडीभोवती विटकरी डाग उमटला होता आणि तिथून केसासारखी एक चीर भिंतीकडे निघाली होती.

"इथं नको, फ्लॉसी."

"का रं? तूच तं पास केली बिल्डिंग."

रोझमेरीच्या मांडीवर बाळाने मूठ उघडली, मिटली.

"हो," श्रीपत म्हणाला. "मीच केली. करायला नको होती. पाणी खारं होतं. मला तेव्हाच कळलं होतं, किल्ल्या द्यायच्या आधी."

फ्लॉसीने दोरी हळूहळू मनगटाभोवती गुंडाळली.

"तवा सांगतास तं आमी पत्र्याखालीच मेलो आसतो," ती म्हणाली. "नाय सांगितलास, आता हितं. कुटं जाव, सांग ना?"

श्रीपत जिना उतरला आणि त्याने वटारची एसटी धरली.

रविवारी तो एसटीच्या टपावरून पाळणा टांगायची फणसाच्या लाकडाची घोडी घेऊन आला. वटारच्या सुताराकडून करवून घेतली होती. एकट्याने तीन जिने चढवली आणि चिरेपासून लांब, भिंतीलगत, दाराच्या चौकटीशी उभी केली. चारही पाय हलवून पाहिले, एकाखाली लाकडाची चकती सारली, पुन्हा हलवून पाहिले. फ्लॉसीने मुकाट्याने पाळणा अडकवला. रोझमेरीने बाळ निजवलं.

फ्लॉसी चुलीकडे वळली. "चाय पितो का?" तिने पाठमोरीच विचारलं.

त्याने मान हलवली, ती तिला दिसली नाही. बाळ केव्हाच झोपलं होतं. श्रीपत जमिनीवर बसून दोरी ओढत राहिला.