धुक्याची पाळी

१९१९च्या नोव्हेंबरात एका सकाळी यॉर्कशरमधल्या एका रेल्वे फाटकावर धुकं उतरलं आणि हेस्टरनं सवयीनं बूट चढवले. मग आठवलं, हे काम आता आपलं नाही. युद्धात तीन वर्षं तिनंच ते केलं होतं. सिग्नल दिसेनासा झाला की रुळावर फटाका बांधायचा. इंजिनाखाली तो फुटला की ड्रायव्हर गाडी रोखतो. पुरुष परतले तशी रेल्वेनं तिची टोपी काढून घेतली आणि हातावर आभाराचं पत्र टेकवलं. चूल पेटवायला ते बरं पडलं.

"क्लेमंट, ऊठ. धुक्यात बोलावण्याची वाट बघायची नसते."

तिचा नवरा टेबल घट्ट धरून बसला होता. फ्रान्सच्या आघाडीवरून पदक घेऊन आला आणि हे काम त्याला मिळालं. रुळाचं बाकी काम करायचा, पण स्फोटाच्या धास्तीनं फटाक्यांचा डबा त्याला उचलवेना.

"तूच जा गं. माझा कोट घाल, मफलर नाकावर ओढ."

"कुणी ओळखलं तर?"

"तर नोकरी जाईल, नोकरीबरोबर रेल्वेचं हे घरही."

ती गेली. खरं सांगायचं तर तिचा जीव त्याच कामात होता. फटाका फुटला, गाडी थांबली, आणि कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटलं.

मुकादम हॅलम धुक्यातून पुढे आला. "शाब्बास, क्लेमंट!" तो ड्रायव्हरला ऐकू जाईल असं म्हणाला. मग आवाज उतरवून, "हेस्टरबाई, फटाक्याची पट्टी रुळाभोवती अशी वाकवायला मीच शिकवलं होतं तुम्हाला. मी काही पाहिलं नाही."

"मग माझ्या नावानं घ्या ना मला, साहेब. काम तर बघताय."

"बाईला? कंपनी ऐकायची नाही. आणि त्याला काय सांगू, बायको तुझ्यापेक्षा बरी? खचेल तो. हिवाळा लांब आहे, चालू द्या असंच."

माणूस भला होता, म्हणून तर तिला जास्त संताप आला. शिवी द्यायचीही सोय नाही.

घरी क्लेमंट दारातच उभा होता. "काय म्हणाला हॅलम?"

"शाब्बास म्हणाला. तुला."

त्याचे खांदे सरळ झाले. किती महिन्यांनी तो हसला. तिला त्याची माया आली आणि त्याच दमात चीडही.

"हॅलम वसंतात निवृत्त होतोय," तो म्हणाला. "एवढा खूश आहे, तर मुकादमाची जागा मागू का मी?"

हेस्टरनं ओला कोट शेगडीपाशी वाळत घातला. संध्याकाळच्या गाडीला तो पुन्हा लागणार होता.

"माग," ती म्हणाली.